दादांचा डावा कान : डाइव्हिंगच्या सहलीतलं एक छोटं दुखणं आणि त्याची विम्याची फाइल

२५ सप्टेंबर २०२४, सकाळचे साडेनऊ. बालीच्या ईशान्य टोकाला तुलांबेन नावाचं गाव आहे. तिथल्या काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावर आमच्या पोहण्याच्या गटातले दादा बसले होते. मास्क काढला तेव्हा त्याच्या तळाशी चमचाभर गुलाबी पाणी होतं. मी विचारलं, "नाकातून आलं का?" ते म्हणाले, "काही नाही गं, सर्दी आहे थोडी." डावा हात मात्र कानावरून हलत नव्हता.

हे प्रकरण त्या कानाचं आहे. यात कुणाच्या जिवावर बेतलं नाही, कुणाला रुग्णालयात दाखलही करावं लागलं नाही. तरी जवळजवळ ९० हजार रुपये गेले, वहिनींचे घट चुकले, आणि सहल ठरवण्याची आमची पद्धत मुळापासून बदलली. दादांनी सगळे कागद माझ्या हवाली केले आणि नाव न घालता लिहायला परवानगी दिली.

आम्ही सहाजण शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावात सकाळी पोहणारे. तिथली ओळख वाढत गेली, मग तारकर्लीला पहिली डाइव्ह झाली, मग रीतसर कोर्स झाले. सहलीची जुळवाजुळव माझ्याकडे असते. मी ११ वर्षं अंधेरीच्या एका टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या कार्यालयात काम केलं आहे. त्यामुळे विम्याचं ती बघेल, असं गटात सगळे धरून चालतात. मीही तसंच धरून चालले होते, आणि माझी चूक तिथेच झाली.

सर्दी कुठून आली

दादा ५१ वर्षांचे, माहीमला राहतात, बँकेत अधिकारी आहेत. त्या वर्षी अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. इमारतीच्या गणपतीबरोबर ते रात्रभर दादर चौपाटीवर भिजत उभे होते. दुसऱ्या दिवशी नाक वाहू लागलं. डॉक्टरांकडे गेले नाहीत. केमिस्टकडून नाक मोकळं करणारे थेंब आणले आणि २२ तारखेच्या रात्री आमच्याबरोबर विमानात बसले. विमान उतरताना त्यांचा कान दुखला होता, हे मला खूप नंतर कळलं. तिथेच सांगितलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

तुलांबेनला लोक जातात ते लिबर्टी जहाजासाठी. हे अमेरिकी मालवाहू जहाज जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झालं आणि या किनाऱ्यावर आणून लावलं गेलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा ते समुद्रात सरकलं. त्याचा सर्वांत वरचा भाग जेमतेम पाच मीटरवर आहे, खालचा तीसच्या आसपास. बोट लागत नाही, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. गावातल्या बायका हवेचे टँक डोक्यावर घेऊन त्या गोट्यांवरून अनवाणी ये-जा करतात. एवढं सगळं हाताशी असताना आणि दहा डाइव्हचे २४ हजार रुपये आगाऊ भरलेले असताना सर्दीसाठी खोलीवर बसणं कुणाला जमेल? दादांना जमलं नाही.

२४ तारखेच्या दोन डाइव्ह त्यांनी नाकात थेंब घालून केल्या. पहिली सोळा मीटरची, व्यवस्थित झाली. दुसरी चौदा मीटरची. तिच्यात वर येताना डावा कान आतून फुगल्यासारखा झाला आणि दुखला. थेंबांचा असर पाण्याखालीच उतरला, की मधल्या कानातून घशाकडे जाणारी सुजलेली नळी पुन्हा बंद होते. खाली जाताना आत शिरलेली हवा वर येताना पसरते आणि तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. त्याचं हे लक्षण होतं. दादरच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पुढे ही हकीकत ऐकली तेव्हा त्या म्हणाल्या, "घंटा त्याच वेळी वाजली होती."

२५ ला सकाळी तिसरी डाइव्ह. कान सुटत नव्हता, म्हणजे आतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळत नव्हता. दादा नाक दाबून जोर लावत राहिले आणि तसेच खाली जात राहिले. त्यांच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर, म्हणजे खोली आणि वेळ नोंदणाऱ्या यंत्रावर, सगळ्यात खोल आकडा ४.६ मीटरचा आहे. त्याच्या पुढे त्यांना जाता आलं नाही.

साडेचार मीटरवर काय होतं

"एवढंसं तर खोल गेले होते" हे वाक्य मी या प्रकरणात पंधरा-वीस जणांकडून ऐकलं, त्यात एक डॉक्टरही होते. म्हणून इथे जरा थांबते.

पृष्ठभागावर हवेचा दाब एक वातावरण असतो. दहा मीटरवर तो दुप्पट होतो, म्हणजे बंद जागेतली हवा निम्म्या जागेत दबते. वीस मीटरवर ती एक तृतीयांश होते, तीसवर एक चतुर्थांश. सगळ्यात मोठा बदल पहिल्या दहा मीटरमध्येच होऊन जातो, आणि त्यातही पहिल्या चार-पाच मीटरमध्ये सर्वांत झपाट्याने. मधल्या कानातली हवा घशाशी जोडणारी एक बारीक नळी असते, युस्टेशियन नळी. गिळताना, जांभई देताना ती उघडते. डाइव्ह करताना ती आपण मुद्दाम, पुन्हा पुन्हा उघडायची असते. कान दुखायच्या आधी उघडायची. साधारण सव्वा मीटर खाली जाईपर्यंत ती उघडली नाही तर बाहेरच्या दाबाने तिचं तोंड असं बंद होतं, की मग कितीही जोर लावला तरी उघडत नाही. उपाय एकच उरतो : मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा, नाही जमलं तर बाहेर. दादांनी याच्या नेमकं उलट केलं. कानात तयार झालेल्या निर्वाताने पडदा आत ओढला गेला, आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या आणि मधल्या कानात रक्तमिश्रित पाणी साचलं. याला मधल्या कानाचा बॅरोट्रॉमा म्हणतात. डाइव्हिंगमध्ये सर्वाधिक होणारी इजा हीच. शार्क, जेलीफिश, डिकम्प्रेशन (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा त्रास) यांच्या गोष्टी सांगितल्या जातात, पण सहल मोडते ती बहुतेक वेळा कानामुळे.

जवळच्या क्लिनिकमधल्या तरुण डॉक्टरने कानात पाहिलं, पडदा लालभडक आहे म्हणाला आणि बालीच्या राजधानीत, देनपसारला जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या तज्ज्ञांनी सर्वांत आधी कंपनकाटा घेऊन दादांच्या कपाळावर टेकवला. आवाज दुखऱ्या कानात मोठा आला. डॉक्टर हसले, आणि मला कळलं की चांगली बातमी आहे. मधल्या कानात अडथळा असेल तर आवाज त्याच बाजूला मोठा वाटतो. आतला कान, जिथे ऐकण्याचा आणि तोल सांभाळण्याचा भाग असतो, तो दुखावला असता तर आवाज चांगल्या कानात गेला असता. दादांना गरगरत नव्हतं, कानात घोंघावणारा आवाज नव्हता, ऐकू एकदम कमी झालं नव्हतं. ही तिन्ही लक्षणं ज्यांनी डाइव्ह केली आहे त्यांनी पाठ करून ठेवावीत. त्यातलं एकही आलं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. आतल्या कानाची इजा किंवा आतल्या कानाचा डिकम्प्रेशनचा त्रास यांत फरक करायला जाणकार डॉक्टर लागतो आणि वेळ फार थोडा असतो. डिकम्प्रेशनच्या रुग्णाला वाढीव दाबात ठेवून उपचार करणारं प्रेशर चेंबर देनपसारच्या सरकारी रुग्णालयात आहे, आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे.

दादांना तशी गरज नव्हती. पडद्याला भोक पडलं नव्हतं. श्रवणचाचणी झाली, गोळ्या मिळाल्या आणि तीन सूचना : पाण्यात जायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, आणि कान सुटेपर्यंत विमानात बसायचं नाही.

तिसऱ्या सूचनेने आम्ही चरकलो. परतीचं विमान ३० तारखेचं होतं. अनेक दिवसांच्या डाइव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं, हा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा नियम आम्हाला पाठ होता. तो डाइव्हमध्ये अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा यासाठी आहे. हे वेगळं होतं. विमानाच्या केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या इतका असतो. चढताना तो उतरतो आणि विमान खाली येताना पुन्हा वाढतो. बंद कानाला विमान खाली येणं म्हणजे आणखी एक डाइव्हच.

त्या रात्री उघडलेल्या पीडीएफ

२६ च्या रात्री आम्ही सहाजण हॉटेलच्या ओट्यावर बसलो आणि प्रत्येकाने आपली प्रवास विम्याची पॉलिसी मोबाइलवर उघडली. सहल ठरली तेव्हा मी गटात एवढंच विचारलं होतं, "विमा घेतला ना सगळ्यांनी?" सगळ्यांनी अंगठा दाखवला होता. कुठला, कशासाठी, हे मी विचारलंच नाही. ११ वर्षं दुसऱ्यांच्या पॉलिस्या वाचलेल्या बाईने आपल्या माणसांच्या वाचल्या नाहीत, याची बोच मला अजून आहे.

सहांपैकी दोघांनी तिकिटाबरोबर खूण करून मिळणारी पॉलिसी घेतली होती. तिच्यात साहसी खेळ सरसकट वगळलेले होते. म्हणजे डाइव्हिंगसाठी आलेल्या माणसाच्या सहलीतलं डाइव्हिंगच बाहेर. दादांच्या पॉलिसीत साहसी खेळांचा अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे देऊन जोडलेलं संरक्षण, होता, कारण ती त्यांच्या मुलीने भरली आणि साडेचारशे रुपये जास्त देऊन त्या चौकोनात खूण केली. अ‍ॅड-ऑनची अट अशी होती : हौशी स्कूबा डाइव्हिंग, ३० मीटरपर्यंत, प्रमाणपत्रधारक असाल किंवा प्रशिक्षक बरोबर असेल तर. वजावट ५० डॉलर. म्हणजे प्रत्येक क्लेमचे पहिले ५० डॉलर आपले.

"पण माझा बँकेचा मेडिक्लेम आहे की," दादा म्हणाले. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून दोन ओळी. आपला नेहमीचा मेडिक्लेम भारतातल्या उपचारांसाठी असतो आणि सहसा २४ तास दाखल झाल्याशिवाय काही देत नाही. कानासाठी ओपीडीत गेलात तर तो गप्प. दुसरीकडे उलटा गैरसमजही आहे, की मेडिक्लेममध्ये स्कूबा चालतच नाही. भारतीय आरोग्य विम्यांत वगळण्याच्या बाबी आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामक संस्थेने, प्रमाणित केल्या आहेत. त्यांतल्या नवव्या बाबीत साहसी खेळ येतात आणि स्कूबाचं नावही त्यात आहे. पण ती बाब व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे. हौशी माणूस उद्या अंदमानातल्या हॅवलॉकला डाइव्ह करताना आजारी पडून दाखल झाला, आणि कंपनीने नुसतं "साहसी खेळ" म्हणून हात झटकले, तर हा शब्द त्यांना दाखवायचा.

त्याच सहलीत आणखी तिघांना काही ना काही झालं होतं. एकाच्या टाचेत समुद्री साळिंद्राचे काटे घुसले. सोसवेल इतक्या गरम, म्हणजे सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात पाय बुडवून ठेवल्यावर कळ ओसरली. एकीला पाचव्या दिवशी बाहेरच्या कानाचा संसर्ग झाला, कानाची पाळी ओढली की ओरडायची. रोज चार-चार तास ओला राहणारा कान दुखणारच. एकाचं पोट बिघडलं आणि तो दोन दिवस ओआरएस पीत पडून राहिला. आणि हे बरंच झालं, कारण जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालेल्या माणसाने टँक पाठीवर घेऊ नये. या तिघांचं प्रत्येकाचं बिल ५० डॉलरच्या आतच होतं. विम्याकडून त्यांना एक रुपयाही मिळाला नाही आणि मिळणारही नव्हता. छोट्या दुखण्यांचा खरा विमा म्हणजे आपली औषधांची पिशवी आणि दोन दिवस बाजूला बसायची तयारी.

मग प्रवास विमा कशाला? दादांसारख्यांसाठी. दुखणं छोटंच, पण ते तिकिटाच्या तारखेवर येऊन बसलेलं.

२९ तारखेला फेरतपासणी झाली. कान बंदच. मी डॉक्टरांकडून तीन ओळींचं पत्र मागून घेतलं : निदान, ३० तारखेला विमानप्रवासास अयोग्य, ३ ऑक्टोबरला पुन्हा तपासणी. त्याच दुपारी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला, संदर्भ क्रमांक लिहून घेतला आणि पत्र जोडून ईमेल पाठवला. दादांची पॉलिसी १ ऑक्टोबरला संपत होती. वैद्यकीय कारणाने परतणं लांबलं तर मुदत सात दिवस वाढवण्याचं कलम तिच्यात होतं, पण त्यासाठी मुदत संपण्याआधी कळवणं भाग होतं. हा एक ईमेल राहिला असता तर ३ तारखेची तपासणी पॉलिसीबाहेर गेली असती.

आम्ही चौघे ३० ला परतलो. दादा-वहिनी राहिले. ३ ऑक्टोबरला घटस्थापना होती. माहीमच्या घरात वहिनींच्या सासूबाईंपासून घट बसतात. त्या दिवशी ते जाऊबाईंनी बसवले. वहिनींनी देनपसारच्या खोलीतून व्हिडिओ कॉलवर आरती म्हटली. या नुकसानीसाठी कुठल्याही क्लेम फॉर्ममध्ये रकाना नाही. ४ तारखेला कान सुटला, डॉक्टरांनी योग्य असल्याचं पत्र दिलं, ते रात्रीच्या विमानाने निघाले.

फाइल

आता हिशेब. क्लिनिक, देनपसारच्या तपासण्या, फेरतपासण्या आणि औषधं मिळून सुमारे ४३ लाख ५० हजार इंडोनेशियन रुपिया, म्हणजे तेव्हाच्या दराने २४ हजार रुपये. देनपसारच्या गाडीचे ८ हजार. दोघांची तिकिटं पुढे ढकलण्याचे २९ हजार. चार रात्रींचे १२ हजार. न झालेल्या सात डाइव्हचे जवळजवळ १७ हजार. एकूण ९० हजार.

क्लेम दाखल झाल्यावर बारा दिवसांनी पहिली क्वेरी आली : डाइव्हिंगचं प्रमाणपत्र आणि खोलीचा पुरावा द्या. हे सोपं होतं. दादांचं प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंत डाइव्ह करण्याचं, तिन्ही डाइव्ह त्याच्या आत. कॉम्प्युटरमधला आलेख छापला, लॉगबुकच्या, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीच्या, पानांवर डाइव्ह मास्टरची सही आणि शिक्का होता. लॉगबुक भरायचा कंटाळा करणाऱ्यांना मी आता हीच पानं दाखवते.

दुसरं पत्र नकाराचं होतं. देनपसारच्या डॉक्टरांनी इमानदारीने लिहिलं होतं, "रुग्णाला सात-आठ दिवसांपासून सर्दी, नाकात थेंब वापरत होता." कंपनीने त्यावर बोट ठेवलं. प्रवासाआधीपासून असलेल्या आजारातून उद्भवलेला खर्च, म्हणून देय नाही.

हा प्रश्न बिनबुडाचा होता असं मी म्हणणार नाही. मी त्या खुर्चीत बसले असते तर मीही तो विचारला असता. पण विचारणं वेगळं आणि त्यावर फाइल बंद करणं वेगळं. आम्ही उत्तर दोन मुद्द्यांवर लिहिलं. एक, क्लेम सर्दीच्या उपचारांचा नाही. इजा दाबातल्या बदलाने, एका ठरावीक दिवशी, ठरावीक मिनिटाला, पाण्याखाली झाली, आणि कॉम्प्युटरमध्ये ती वेळ आहे. दोन, पॉलिसीतली पूर्वीपासूनच्या आजाराची व्याख्या डॉक्टरांनी केलेल्या निदानावर किंवा उपचारावर उभी आहे. इथे दोन्ही नव्हतं. दादरच्या तज्ज्ञांनी एक पानी मत दिलं : सर्दीने धोका वाढला, इजा मात्र दाबाने झाली.

या टप्प्यावर दादांनी मला एक गोष्ट सांगितली. डाइव्ह सेंटरच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये दहा प्रश्न असतात. चौथा डोळे, कान, नाक आणि सायनसच्या त्रासाबद्दल. त्यांनी तिथे "नाही" लिहिलं होतं. विचारलं, "हे त्यांना कळलं तर?" मी म्हटलं, "मागितलं तर द्यायचं, दादा. लपवायचं नाही. एकदा लपवलं त्याचंच हे सगळं आहे." कंपनीने तो फॉर्म मागितला नाही. मागितला असता तर उत्तर अवघड झालं असतं, आणि ते आम्ही मान्य केलं असतं.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज केला तेव्हाच पुढचा अर्जही मी लिहून ठेवला होता. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या यंत्रणेकडे, जाता येतं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. फी नाही, वकील चालत नाही, स्वतःच जायचं असतं, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. चोवीस हजारांसाठी कोण एवढं करणार, असं वाटून लोक सोडून देतात. मी टीपीएमध्ये असताना पाहिलं आहे, नकाराच्या पत्रानंतर पुन्हा न आलेली माणसं किती असायची. त्यांतल्या बऱ्याच जणांना पैसे मिळायला हवे होते.

लोकपालाचा अर्ज टाकावा लागला नाही. अकराव्या दिवशी कंपनीने निर्णय फिरवला. उपचारांचे वजावट जाऊन १९ हजार ८०० आणि दादांच्या तिकिटाचे १४ हजार ५०० मंजूर झाले. वहिनींचं तिकीट नाही, कारण सोबतीच्या माणसाचा खर्च रुग्ण दाखल असेल तरच. हॉटेल नाही, त्याच कारणाने. गाडीच्या पावत्याच नव्हत्या. बुडालेल्या डाइव्हचा पैसा त्या पॉलिसीत कुठेच बसत नव्हता. ९० हजारांतले ३४ हजार ३०० परत आले.

दादा खाली का गेले

पैसे जमा झाले त्या दिवशी मी माहीमला गेले होते. वहिनींनी थालीपीठं केली होती. दादरच्या डॉक्टरांनी तिसऱ्या आठवड्यात श्रवणचाचणी सामान्य असल्याचं सांगितलं होतं आणि सहा आठवडे पाण्याला मनाई केली होती. मी दादांना विचारलं, "दुसऱ्या डाइव्हला दुखलं होतं ना? मग तिसरी का केलीत?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बसलो असतो तर सतरा हजार गेलेच असते. ते कोण देणार होतं? आणि मी नाही म्हटलं असतं तर माझ्याबरोबर जोडीने डाइव्ह करणाऱ्यालाही थांबावं लागलं असतं. त्यापेक्षा कान दाबून जाऊ म्हटलं."

या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य माझ्या मते हेच. प्रवास विमा बिघडल्यानंतरचं भरून देतो. पण बिघडण्याआधी, किनाऱ्यावर उभं राहून "आज नको" म्हणायला जी मोकळीक लागते, ती त्यात नाही. उलट, भरलेले पैसे माणसाला खाली ढकलतात. आजाराला पैसे मिळतात, आजार टाळायला थांबलं तर मिळत नाहीत, अशी ती रचना आहे. म्हणून ती मोकळीक आम्ही विम्याबाहेर तयार केली. आता कुठल्याही डाइव्ह सेंटरला आगाऊ रक्कम देण्याआधी मी लेखी विचारते : कान, सर्दी, पोट यांमुळे सोडलेली डाइव्ह जमा धराल का? दोन सेंटरांनी नकार दिला, तिथे आम्ही गेलो नाही. जोडीऐवजी तिघांचे गट करतो, म्हणजे एक थांबला तरी दुसऱ्याची डाइव्ह बुडत नाही. थेंब घालून डाइव्ह करायची नाही, हा गटाचा नियम झाला आहे. आणि प्रत्येकाच्या पॉलिसीची पीडीएफ निघण्याआधी पंधरा दिवस माझ्याकडे येते. मी ती वाचते, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही हॅवलॉकला गेलो. त्या वेळी दादांनी चौथ्या प्रश्नापुढे "हो" लिहिलं. त्यामुळे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागलं. त्यासाठी दादरला बाराशे रुपये गेले, ते कुणीही परत देत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला गटावर त्यांचा मेसेज आला : "डावा सुटत नाहीये. मी आज नाही." मी बोटीच्या यादीतून त्यांचं नाव काढलं, सेंटरच्या मुलाने त्यांचा टँक उतरवून ठेवला आणि वहीत दोन डाइव्ह जमा लिहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांतली एक वापरली. दुसरी अजून त्या वहीत आहे.